चौकोनी कंस

तेंडोलकर साहेबांची भाषणं
मी शिमग्यापासून टाइप करतेय.
पतपेढीच्या माडीवर माझं दीड खोलीचं दुकान:
सातबारा, लग्नपत्रिका, होडीच्या परवान्याचे अर्ज,
आणि आता हे
एकोणतीस वर्षांची शांतता, सुरक्षा, विकास,
त्यांनी स्वतःच मराठीत उतरवलेली,
फूलस्केपवर, एका बाजूने.

'अध्यक्ष महोदय' इतक्यांदा येतं
की मी त्याला एकच कळ नेमून दिलीय.
'तीव्र चिंते'लाही एक.
दाबली की चिंता उमटते,
लाइट गेली की जाते.

पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
हे मधेमधे चौकोनी कंस कसले? काढू?
नको, म्हणाले. चष्मा पुसत राहिले.
मसुद्यातल्या ज्या शब्दावर एकमत नाही
तो कंसात ठेवतात.
मग रात्र रात्र बसून एकेक कंस सोडवायचा.
'एका [तात्काळ]साठी आम्ही अकरा दिवस बसलो.'
मग सुटला?
'सुटला. शब्दच काढला.'

रोज तीनला येतात, काखेत स्वतःची उशी.
जगभरच्या खुर्च्यांनी कंबर नेली, म्हणतात.

त्या आठवड्यात क्षितिजावर रोज रात्री
दुसरं मालवण वसल्यासारखे दिवे लागत होते.
पर्ससीनवाले. बल्बांच्या माळा पाण्यावर,
आणि किनाऱ्यावर रापण रिकामी ओढली जात होती,
शेवाळ, दोन खेकडे, एक चप्पल.
बुधवारी रापणवाल्यांनी एक बोट ओढून बंदरात आणली.
माझ्या भावाच्या कपाळाला चार टाके,
त्यांच्या तांडेलाचा हात मोडला.
फौजदार आला, मत्स्यखात्याचा माणूस आला,
तो सारखा घड्याळ बघत होता.

कोणीतरी म्हणालं,
'आपले सायब जगाची भांडणा मिटवन इले,
हंयची मिटवचे नाय?'

सोसायटीची शेड. बर्फाच्या पेट्यांवर माणसं.
साहेब उभे राहिले, घसा साफ केला,
'अध्यक्ष महोदय' म्हणाले
आणि थांबले.
अध्यक्ष कोणीच नव्हता.
तरी सात मिनिटं बोलले: संयम, संवाद,
सामायिक संसाधनं.
मला पुढचं वाक्य प्रत्येक वेळी माहीत होतं,
पान एकशे त्रेचाळीस.

इनास फर्नांडिसची आई टोपली खाली ठेवून म्हणाली,
'ह्यां सगळां बरां, सायबानु.
पण माका सांगा, बांगडो कोणाचो?'

कोणी हसलं नाही.
साहेबही नाही. ते खाली बसले, उशी न घेता,
आणि मला म्हणाले, कागद आण.

बारा वावापर्यंत [फक्त] रापण.
दिवे [बंद] [कमी].
फाटलेल्या जाळ्याची भरपाई [अर्धी] [पुरी].
रात्रभर मी दुकान आणि शेड करत राहिले,
चौदा प्रती, प्रत्येकीत एखादा कंस कमी.
दोनदा दाजी मेतर उठून गेले.
दोनदा लघवी करून परत आले.
भरपाई पुरी लिहून झाली तेव्हा
भरतीचं पाणी पायरीला लागलं होतं.

शेवटी एकच उरला.
[आमचा] दर्या.
दाजी तो सोडेनात, बोटवाले सोडेनात,
दोघांनाही तोच शब्द हवा होता.
काढू? मी विचारलं.
मला वाटलं होतं, काढ म्हणतील.
'राहू दे,' म्हणाले. 'कंसासकट.'

तसाच छापला. सह्या झाल्या, सात अंगठे.
माझ्या भावाने अजून केलेली नाही.
शेडमध्ये प्रत चिकटवलीय, तिला खवले लागलेत,
आणि काल रात्री क्षितिजावर
दिवे होते. कमी होते. मी मोजले नाहीत.

आज तीनला साहेब आले, उशी ठेवली,
एकशे त्रेचाळीसावं पान मागून घेतलं,
पुष्कळ वेळ नुसतं धरून बसले.
मग म्हणाले, ह्यातल्या तीन तीव्र चिंता काढ.
कुठल्या?
'कुठल्याही.'